फिरती शिफ्ट सांभाळून नोकरी शोधायची आहे, शिस्त कशी लावावी? (क्वालिटी, भोसरी-चाकण पट्टा)

नाईटवाला

डिप्लोमा मेकॅनिकल. टियर टू (टियर वनला भाग पुरवणाऱ्या) मशीनिंग कंपनीत क्वालिटी इंजिनिअर, ४ वर्षं २ महिने. प्लांट भोसरीत. सीटीसी (माझ्यावरचा कंपनीचा वर्षाचा एकूण खर्च) ४.६० लाख, बेसिक १८,०००, हातात ३१ हजारांच्या आसपास. नोटीस ३० दिवस. शिफ्ट दर आठवड्याला बदलते: फर्स्ट ७ ते साडेतीन, सेकंड साडेतीन ते १२, नाईट १२ ते ७. सुट्टी रविवारची.

टियर वन (वाहन कंपनीला थेट भाग देणारी) किंवा ओईएममध्ये (वाहन बनवणारी कंपनी) कंपनी रोलवर, म्हणजे कंपनीचाच कर्मचारी म्हणून जायचं आहे. चाकण, तळेगाव चालेल. अगदीच वेळ आली तर रांजणगाव.

तीन महिन्यांचा हिशेब असा. पोर्टलवर १४० अर्ज. फोन आले ११, त्यातले ७ शिफ्टवर असल्यामुळे मिस्ड, आणि नंतर लावले तर कुणी उचलले नाहीत. प्रत्यक्ष मुलाखती २. दोन्हीकडून "कळवतो". कुठे अर्ज केला, कोणता रेझ्युमे पाठवला, काहीच लिहून ठेवलेलं नाही. रोज नियमाने करायचं ठरवतो, पण नाईटचा आठवडा आला की सगळं बारगळतं. फिरत्या शिफ्टमध्ये बसेल असं वेळापत्रक हवं आहे. अर्ज आणखी वाढवावेत का?

---

कॅलिपर

अर्ज वाढवू नका. क्वालिटीचे आहात, तर रिजेक्शन जसं बघता तसंच हेही बघा. १४० अर्जांतून ११ फोन, म्हणजे आठ टक्के. पोर्टलवर ओळख नसताना केलेल्या अर्जांसाठी हे वाईट म्हणता येत नाही. पण ११ पैकी ७ फोन मिस्ड. पॅरेटो (कारणांचा उतरत्या क्रमाचा आलेख) काढलात तर सगळ्यात उंच दांडा हाच येईल. अर्ज दुप्पट केलेत तर मिस्ड कॉलही दुप्पट होतील.

एचआरचे फोन साधारण साडेदहा ते साडेपाच या वेळात येतात. फर्स्टला तुम्ही लाइनवर, मोबाइल लॉकरमध्ये. संध्याकाळी तुम्ही उलट फोन लावता तेव्हा समोरचा माणूस दिवसभरात चाळीस नंबर फिरवून बसलेला असतो. तुमचं नाव त्याच्या यादीत "नॉट रिस्पॉन्डिंग" म्हणून पुढे गेलेलं असतं. म्हणून नुसता कॉल बॅक पुरत नाही. चहाच्या सुट्टीत पाठवता येईल असा एक मेसेज मोबाइलमध्ये तयार ठेवा:

"नमस्कार, आपला ११.२० चा फोन घेता आला नाही, शिफ्टवर होतो. क्वालिटी इंजिनिअर, ४ वर्षं, मशीनिंग, नोटीस ३० दिवस. आज ४.१५ ला किंवा उद्या ४.१५ ला बोलू शकतो. पोस्ट कोणत्या प्लांटसाठी आहे?"

दोन ठरावीक वेळा द्या आणि शेवटी एक प्रश्न ठेवा. "केव्हाही फोन करा" असं लिहिलं की फोन पुन्हा शिफ्टमध्येच येतो. प्रश्न असला की निदान प्लांटचं नाव तरी उत्तरात मिळतं.

आता वेळापत्रक. रोज एक तास वगैरे ठरवू नका. तुमचा आठवडा एकसारखा नसतो, त्यामुळे रोजचा नियम मोडणारच, आणि एकदा मोडला की माणूस सगळंच सोडून देतो. तीन आठवड्यांचं चक्र धरा आणि प्रत्येक शिफ्टला वेगळं काम द्या.

सेकंडचा आठवडा मुलाखतींचा. सकाळ मोकळी असते, फोन उचलता येतो, रजा टाकावी लागत नाही. कुणी तारीख विचारली की याच आठवड्यातले दिवस पुढे करा, वेळ सकाळी ११ ची मागा. चाकणमध्ये मुलाखत असेल तर दीडच्या सुमाराला तिथून निघालंच पाहिजे. तळेगाव चौकातली कोंडी किती वेळ खाईल याचा नेम नसतो आणि साडेतीनचं पंचिंग चुकलं तर उगाच प्रश्न सुरू होतात. सकाळी साडेआठ ते साडेनऊ अर्ज, साडेदहा ते दीड फोन जवळ.

फर्स्टचा आठवडा पाठपुराव्याचा. सव्वाचार ते साडेपाच एवढीच खिडकी आहे. त्यात फक्त फोन करा, अर्ज भरत बसू नका. अर्ज मंगळवारी आणि गुरुवारी रात्री, जेवणानंतर तासभर.

नाईटच्या आठवड्यात काही ठरवूच नका. घरी पावणेआठला, झोप दोनपर्यंत. तीननंतर आलेल्या फोनना आणि मेसेजना उत्तर द्या, बस. नाईट करून थेट मुलाखतीला जाऊ नका. सीपीके आणि पीपीके (प्रोसेस क्षमतेचे दोन निर्देशांक) यांतला फरक माहीत असूनही तोंडातून उलटा निघतो.

रविवारी पाऊण तास रजिस्टर. एक्सेल असो की दोनशे पानी वही, रकाने एवढे: तारीख, कंपनी आणि प्लांट, पोस्ट, कुणामार्फत, रेझ्युमेची आवृत्ती, बोललेल्या माणसाचं नाव, काय ठरलं, पुढची तारीख, स्थिती. यातला "पुढची तारीख" हा रकाना कधीच रिकामा राहता कामा नये. अर्ज केला की पाच कामाच्या दिवसांनंतरची तारीख टाका. तेव्हा एक मेल. उत्तर नाही, तर आणखी सात दिवसांनी एक फोन. तरीही नाही, तर स्थितीत "बंद" लिहा आणि विसरा. मुलाखत झाली असेल तर त्यांनी सांगितलेल्या मुदतीनंतर दोन दिवसांनी विचारा, मुदत सांगितली नसेल तर निघण्यापूर्वी तिथेच विचारून घ्या, "साधारण कधीपर्यंत कळेल?"

एका आठवड्यात १० ते १२ अर्ज खूप झाले. पण प्रत्येक अर्ज ती जाहिरात शेवटपर्यंत वाचून केलेला असावा.

---

भरती_टेबल

कॅलिपर यांचं मिस्ड कॉलचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण आठ टक्के ठीक आहेत हे मला पटत नाही. ४ वर्षं, ३० दिवसांची नोटीस, पुण्यातच राहणारा माणूस, आणि क्वालिटी. या प्रोफाइलला अर्ज न करताही फोन यायला हवेत. ते येत नसतील तर प्रोफाइल शोधात सापडत नाही.

भरती करणारा नोकरी डॉट कॉमवर कसा शोधतो ते बघा. आलेले अर्ज तो नंतर बघतो. आधी डेटाबेसमध्ये शब्द टाकतो. पीपॅप (ग्राहकाकडून भाग मंजूर करून घेण्याची फाइल), सीएमएम (मोजमापाचं यंत्र), आयएटीएफ (वाहन उद्योगाचं क्वालिटी मानक), मशीनिंग असे चार-पाच शब्द, अनुभव ३ ते ६ वर्षं, ठिकाण पुणे, पगाराची वरची मर्यादा, नोटीस १ महिना किंवा कमी, आणि गेल्या १५ किंवा ३० दिवसांत सक्रिय. यातल्या एका जरी चाळणीत अडकलात तर तुम्ही यादीत नाहीच.

म्हणून नोटीसच्या रकान्यात "३ महिने" असं जुनं काही पडलेलं नाही ना, ते आधी तपासा. ठिकाणात भोसरी लिहू नका, पुणे लिहा. अपेक्षित पगार फुगवून टाकला असेल तर बजेटच्या चाळणीत गळाल. "की स्किल्स"मध्ये "हार्डवर्किंग", "टीम प्लेअर" असलं काही असेल तर काढा, ते शब्द टाकून कुणीही शोधत नाही. तिथे हवं ते असं: इन-प्रोसेस क्वालिटी, पीपॅप, पीएफएमईए (प्रोसेस कुठे चुकू शकते याचं विश्लेषण), कंट्रोल प्लॅन, एमएसए (मोजमाप पद्धतीची तपासणी), एसपीसी (आकडेवारीने प्रोसेसवर लक्ष), एट डी (तक्रार सोडवण्याचे आठ टप्पे), जीडी अँड टी (ड्रॉइंगवरच्या आकार-स्थानाच्या मर्यादा), सीएमएम, आयएटीएफ १६९४९, सप्लायर क्वालिटी. यातलं जे खरंच येतं तेवढंच. आठवड्यातून दोनदा लॉगिन करून हेडलाइनमध्ये एखादा शब्द इकडचा तिकडे करून सेव्ह करा, म्हणजे सक्रिय दिसाल.

हेडलाइनमध्ये "सीकिंग अ चॅलेंजिंग पोझिशन" नको. पद, वर्षं, प्रोसेस, भागाचा प्रकार, नोटीस. संपलं.

रेझ्युमे दोन पानं, एका कॉलमचा, टेबल आणि टेक्स्ट बॉक्स नसलेला. दोन कॉलमचे रंगीत टेम्प्लेट माणसाला छान दिसतात, पण सॉफ्टवेअर ते वाचताना डावीकडचं आणि उजवीकडचं एका ओळीत मिसळतं आणि अनुभवाच्या जागी छंद जाऊन बसतात. फाइलचं नाव स्वतःचं नाव, पद आणि वर्षं असं द्या. "न्यू रेझ्युमे फायनल २" नको.

लिंक्डइनवर एचआरला जोडणी पाठवण्यापेक्षा त्या प्लांटच्या क्वालिटी मॅनेजरला पाठवा. जागा रिकामी आहे हे त्याला एचआरच्या आधी कळतं.

---

पीपॅप_लेव्हल_३

पोर्टलचं वरच्यांनी सांगितलं, मी मजकूर आणि मुलाखतीवर लिहितो. टियर टूमधून टियर वनला जाताना खरी अडचण तिथेच येते.

बहुतेकांच्या रेझ्युमेत कामाची यादी असते: "इन-प्रोसेस इन्स्पेक्शन, रिपोर्ट तयार करणे, कस्टमर कंप्लेंट हाताळणे." ही तर जॉब डिस्क्रिप्शन झाली, शेजारच्या टेबलावरचाही हेच लिहितो. एका ओळीत चार गोष्टी आल्या पाहिजेत: भाग कोणता, दोष कोणता, काय बदललं, आकडा कुठून कुठे गेला. नमुना सांगतो, आकडे आपापले टाका (आणि रेझ्युमेत अर्थात इंग्रजीत लिहा): "अॅल्युमिनियम हाउसिंग, ६ सीएनसी, रोज ८०० नग. बोअर ओव्हरसाइजचं रिजेक्शन २.१ टक्क्यांवरून ०.६ वर. इन्सर्ट बदलण्याचं अंतर ४०० नगांवरून २५० वर आणलं, प्लग गेजच्या जागी एअर गेज." अशा तीन ओळी असल्या की मुलाखत त्या तीन ओळींवरच फिरते, म्हणजे प्रश्नपत्रिका तुम्हीच काढून दिलीत. आकडा आठवत नसेल तर मंथली रिव्ह्यूची स्लाइड बघा. मात्र ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंग यातलं काही बाहेर काढू नका. समोरच्या मॅनेजरला लगेच कळतं की हा माणूस उद्या आपलंही असंच दाखवेल.

हे सगळं घालून एक मूळ रेझ्युमे करा आणि त्याच्या दोनच आवृत्त्या काढा. एक इन-प्रोसेससाठी, दुसरी सप्लायर क्वालिटीसाठी. प्रत्येक कंपनीला वेगळा रेझ्युमे वगैरे कुणी करत नाही आणि करायची गरजही नाही.

मुलाखतीत टियर टूवाला कुठे अडकतो? पीपॅपमध्ये. कारण फाइल कुणीतरी दुसरा बनवतो आणि आपण फक्त रिपोर्ट जोडतो. किमान एवढं तोंडावर हवं. पीपॅपचे १८ घटक, कागदपत्रं सादर करण्याच्या ५ लेव्हल, वेगळं सांगितलं नसेल तर लेव्हल ३ धरतात. नमुन्यासाठीचा रन १ ते ८ तासांचा आणि ग्राहकाने दुसरं काही ठरवलं नसेल तर किमान सलग ३०० नगांचा. गेज आर अँड आर (मोजमापातला फरक गेजमुळे आणि माणसांमुळे किती, याची तपासणी) १० नग, ३ माणसं, ३ फेऱ्या, म्हणजे ९० रीडिंग; १० टक्क्यांच्या आत चांगलं, १० ते ३० अटींवर, ३० च्या वर नापास; एनडीसी (गेज किती वेगळे गट ओळखू शकतो) ५ किंवा जास्त. सुरुवातीच्या प्रोसेस स्टडीत निर्देशांक १.६७ च्या वर हवा, १.३३ ते १.६७ मध्ये ग्राहकाला विचारावं लागतं.

आकडे पाठ असले तरी पुढचा प्रश्न येतोच: "तुमच्या गेजचं २२ टक्के आलं, काय कराल?" "रिपीट करतो" हे उत्तर कमी पडतं. आधी बघायचं की फरक उपकरणातून येतोय की माणसांतून. रिपीटेबिलिटी जास्त असेल तर गेज, फिक्स्चर, क्लॅम्पिंग. रिप्रोड्युसिबिलिटी जास्त असेल तर मोजायची पद्धत आणि प्रशिक्षण. आणि घेतलेल्या नगांमध्ये पूर्ण प्रोसेसचा पसारा होता का, हेही बघायचं. एकाच वेळी मशीनवरून उचललेले दहा नग घेतले की टक्केवारी कारण नसताना फुगू शकते.

एट डीमध्ये व्हाय-व्हाय (का, का विचारत मूळ कारणापर्यंत जाणं) दोन असतात हे बरेच जण विसरतात. दोष का झाला हा एक, आणि तो आपल्याकडे का पकडला गेला नाही हा दुसरा. तुमच्या एका खऱ्या तक्रारीवर हे दोन्ही कागदावर लिहून ठेवा. एफएमईएबद्दल विचारलं तर फक्त आरपीएन (तीव्रता, वारंवारता आणि शोध यांच्या गुणांचा गुणाकार) सांगून थांबू नका. २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए हँडबुकने त्याच्या जागी अॅक्शन प्रायॉरिटी (कृतीचा अग्रक्रम) आणली आहे आणि टियर वनचे मॅनेजर हे मुद्दाम विचारतात.

नाईटच्या आठवड्यात काही करू नका असं कॅलिपर म्हणाले. मी म्हणेन, जागं झाल्यावर दुपारी अर्धा तास हाच अभ्यास करा. याला कुणाच्या फोनची वाट बघावी लागत नाही.

---

नाईटवाला

खूप उपयोगी. नोटीसच्या रकान्यात खरंच २ महिने पडलेलं होतं, आता बदललं.

आणखी तीन गोष्टी विचारतो. एक, तीन कन्सल्टन्सींकडे रेझ्युमे दिला आहे. त्यातली एक "रजिस्ट्रेशन आणि इंटरव्ह्यू गॅरंटी"चे ३,००० मागते आहे. दोन, अपेक्षित सीटीसी किती सांगावा? मी ६ लाख म्हणजे महिन्याला ५० हजार असं धरून चाललो होतो. तीन, पाच वर्षं व्हायला दहा महिने आहेत, ग्रॅच्युइटीसाठी थांबावं का?

---

पेरोलवाली

६ लाख म्हणजे ५० हजार नाही. कागद-पेन्सिल घ्या.

सीटीसी ६,००,०००. बेसिक निम्मं धरलं तर वर्षाला ३,००,०००, महिन्याला २५,०००. कंपनीचा पीएफ १२ टक्के: ३६,०००. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के: १४,४३०. व्हेरिएबल १० टक्के असेल तर ६०,०००. हे तिन्ही वजा केलं की उरले ४,८९,५७०, म्हणजे महिन्याचा ग्रॉस ४०,८०० च्या आसपास. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००). हातात ३७,६००. बस, कँटीन, मेडिक्लेमची कपात असेल तर आणखी खाली. नव्या करप्रणालीत या पगारावर आयकर बसत नाही, तेवढं बरं.

म्हणजे सीटीसी ३० टक्के वाढला तरी हातात वाढले साधारण सहा हजार, म्हणजे २० टक्के. व्हेरिएबल वर्षअखेरीला मिळेल, पण ते कंपनीच्या निकालावर आणि तुमच्या रेटिंगवर. म्हणून ऑफरची चर्चा सीटीसीवर करू नका. "ब्रेकअप पाठवाल का?" एवढंच विचारा आणि चार गोष्टी बघा: बेसिक किती, व्हेरिएबल किती टक्के, पीएफ पूर्ण बेसिकवर की १५,००० च्या मर्यादेवर (म्हणजे महिन्याला १,८००), आणि एकरकमी जॉइनिंग बोनस सीटीसीत धरला आहे का. तो धरला असेल तर पुढच्या वर्षी पगार आपोआप कमी होतो.

फोनवर पहिल्यांदा विचारतील तेव्हा आकडा टाळत बसू नका, चाळणीत अडकाल. "सध्या ४.६०, अपेक्षा ६ च्या आसपास, ब्रेकअप बघून थोडं इकडेतिकडे." तीस टक्के मागणं तुमच्या अनुभवाला अवाजवी नाही. सध्याचा पगार मात्र खरा सांगा. तीन महिन्यांच्या स्लिप आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागतातच, आणि फुगवलेला आकडा तिथे उघडा पडला की ऑफर गेली.

ग्रॅच्युइटीचं गणित सोपं आहे. शेवटचं बेसिक × १५ ÷ २६ × वर्षं. १८,००० बेसिकवर पाच वर्षांचे ५१,९२३ रुपये. दहा महिन्यांवर वाटले तर महिन्याला पाच हजार. आजच ६ लाखांची नोकरी मिळाली तर हातातल्या वाढीतूनच दहा महिन्यांत त्याहून थोडे जास्त निघतात, वर पदही मिळतं. तेवढ्यासाठी थांबू नका. पण बोलणीत वापरा: "दहा महिन्यांवर ग्रॅच्युइटी आहे, ती सोडून येतोय." जॉइनिंग बोनस मागायला हे सरळ कारण आहे, आणि एचआरला वर मंजुरी मागताना असंच एखादं कारण लागतं.

रांजणगावचा आकडा वेगळा ठेवा. भोसरीतून एकेरी पन्नास किलोमीटरच्या आसपास पडतं. फर्स्टला कंपनीची बस पाचच्या सुमारास येणार, दिवसाचे तीन तास रस्त्यात. चाकणपेक्षा निदान ४-५ हजार हातात जास्त नसतील तर मी तरी सुचवणार नाही.

---

भरती_टेबल

कन्सल्टन्सीचं. ३,००० देऊ नका. कन्सल्टन्सीला पैसे कंपनी देते. सर्रास चालणारा दर वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार. उमेदवाराकडून पैसे घेणाऱ्याकडे विकायला बहुधा नोकरीच नसते. "इंटरव्ह्यू गॅरंटी" म्हणजे कुठल्यातरी वॉक-इनची तारीख, जी पोर्टलवर फुकटात दिसते.

याचीच पुढची पायरी म्हणजे मोठ्या कंपनीच्या नावाचं ऑफर लेटर, खाली जीमेलचा पत्ता, आणि युनिफॉर्म, गेट पास किंवा मेडिकलसाठी परत मिळणारं डिपॉझिट. कंपनीच्या वेबसाइटवरून मुख्य टेलिफोन बोर्डाचा नंबर काढा आणि एचआरला जोडून मागा. पत्रातल्या नंबरवर खातरजमा करण्याला अर्थ नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पसरते.

तीन कन्सल्टन्सी असायला हरकत नाही, पण एक नियम कडक पाळा. तुमचा रेझ्युमे कुठल्या कंपनीला जाणार हे आधी विचारल्याशिवाय "हो" म्हणू नका, आणि विचारलं की रजिस्टरच्या "कुणामार्फत" रकान्यात लिहा. एकाच पोस्टसाठी तुमचं नाव दोन ठिकाणांहून गेलं तर फी कुणाची यावर वाद होतो, आणि वाद मिटवायचा सोपा मार्ग म्हणजे उमेदवारच बाजूला ठेवणं. ओळखीच्या कुणी कंपनीत रेफरन्स देणार असेल तर तिथे कन्सल्टन्सीला जाऊच देऊ नका. नाव आधीच सिस्टिममध्ये असलं की बऱ्याच ठिकाणी रेफरल धरत नाहीत.

आणि पोस्ट कंपनी रोलवर आहे की थर्ड पार्टी पेरोलवर, हे पहिल्याच फोनवर विचारा. "कंपनीत काम, पगार आमच्याकडून" असं उत्तर आलं की समजून जा. मुलाखत त्या कंपनीच्या गेटच्या आतच होते, पण अपॉइंटमेंट लेटरवर नाव भलत्याचंच असतं.

---

कॅलिपर

एक राहिलं. ४० कंपन्यांची यादी स्वतः करा, पोर्टल काय दाखवतं त्यावर राहू नका. तुमची प्रोसेस धरून करा: मशीनिंग करणारे, त्यांना कास्टिंग देणारे, आणि ते भाग विकत घेणारे टियर वन. तुमच्या स्टोअरमध्ये येणाऱ्या आणि डिस्पॅचमधून जाणाऱ्या चलनांवरच निम्मी यादी आहे. चाकणमध्ये बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज. तळेगावात जनरल मोटर्सचा प्लांट ह्युंदाईने घेतला. या ओईएमकडे थेट जागा कमी निघतात आणि ४ वर्षांवाल्याला बऱ्याचदा डिग्री विचारतात, पण त्यांच्या आजूबाजूच्या पुरवठादारांकडे क्वालिटीची माणसं सतत बदलत असतात.

स्वतःच्या ग्राहक कंपनीत जायचं असेल तर जपून. तिथला सप्लायर क्वालिटीवाला तुम्हाला ओळखतो हा फायदा आहे, पण पुरवठादाराचा माणूस घेण्याआधी ते वर विचारतात आणि बातमी तुमच्या मॅनेजरपर्यंत तुमच्या आधी पोचते. ती कंपनी यादीत शेवटी ठेवा.

तीन आठवड्यांचं एक चक्र झालं की आकडे परत मांडा. फोनच येत नसतील तर दोष प्रोफाइलमध्ये. फोन येतात पण मुलाखत ठरत नाही, तर पगार, ठिकाण किंवा तारखा. मुलाखती होतात आणि "कळवतो"वर थांबतं, तर पीपॅप_लेव्हल_३ यांनी लिहिलंय ते. एका चक्रात एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळायचं नाही.

---

पेरोलवाली

कागदपत्रांची फाइल आत्ताच करून ठेवा, ऑफर आल्यावर धावाधाव होते. डिप्लोमाची सगळी मार्कशीट आणि सर्टिफिकेट, सध्याचं अपॉइंटमेंट लेटर, इन्क्रिमेंट लेटर, तीन स्लिप, फॉर्म १६, आधार, पॅन, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर). आधार, पॅन आणि मार्कशीटवरचं नाव एकसारखं आहे का बघा. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षर असेल तर पीएफचं केवायसी तिथेच अडकतं.

अपॉइंटमेंट लेटरमधलं नोटीसचं कलम शब्दन् शब्द वाचा. "३० दिवस किंवा त्याबदली पगार" असेल तर पगार म्हणजे बेसिक की ग्रॉस ते तिथेच लिहिलेलं असतं. १८,००० भरायचे की ३४,०००, एवढा फरक आहे. शिल्लक रजा नोटीसमध्ये वळती होते का, तेही त्याच पानावर सापडेल.

तोंडी "तुमचं झालं" किंवा मेलवरचं एलओआय (नोकरी देण्याचा इरादा कळवणारं पत्र) म्हणजे ऑफर नव्हे. सहीचं पत्र, ब्रेकअप आणि जॉइनिंगची तारीख आल्यावर, आणि मेडिकल आधी असेल तर ती पास झाल्यावरच राजीनामा. तो मेलने द्या, म्हणजे नोटीस कुठल्या तारखेपासून मोजायची यावर वाद होत नाही. सोडल्यानंतर पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते आणि काढलं की मोजणी पुन्हा शून्यापासून. जुन्या कंपनीने पोर्टलवर एक्झिटची तारीख टाकली की नाही ते महिन्याभराने तपासा. टाकली नसेल तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी यूएएनमध्ये लॉगिन करून ती स्वतः टाकता येते.